पहिलं छापचित्र विकत घेताना: बडोद्यातल्या नवख्यांसाठी

बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या एखाद्या चित्रकाराचं छापचित्र, म्हणजे पत्र्यावर, लाकडावर किंवा दगडावर घडवून कागदावर ठसा घेतलेलं चित्र, समोर ठेवलं की नवखा माणूस आधी खालचा आकडा वाचतो. ७/५०. मग विचारतो, "म्हणजे अशीच आणखी एकोणपन्नास आहेत? मग एवढे पैसे कशाचे?" याच माणसाच्या घरी दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यातून आलेली रविवर्म्याच्या लक्ष्मीची तसबीर असली, तर तिच्याबद्दल त्याची समजूत बरोबर उलटी असते. जुनी आहे, रविवर्म्याची आहे, म्हणजे लाखांत जाणार. दोन्ही वेळा त्याचा अंदाज चुकतो, कारण दोन्ही वेळा तो नुसत्या प्रतींचा विचार करतो. प्रतींना मर्यादा कोणी घातली, कशासाठी घातली आणि पुढे ती पाळली गेली का, हे तो विचारतच नाही. माझ्या मते चित्राच्या किमतीचं बरंचसं कोडं या तीन प्रश्नांत सुटतं.

ज्यांना खिशाला झेपेल असं एक खरं चित्र घ्यायचं आहे आणि ते रोज बघायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पाच वर्षांत भाव दुप्पट व्हावा एवढीच इच्छा असेल तर सरळ सोनं घ्यावं.

पायरी १: आधी मूळ चित्रासमोर उभे राहा

दुकानात जाण्याआधी लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात जा. घरात रविवर्म्याची तसबीर असेल तर मोबाइलमध्ये तिचा फोटो घेऊन जा. नसली तर शेजारी मिळेल. बडोद्याच्या मराठी घरांत ती शोधावी लागत नाही. मूळ तैलचित्रासमोर निदान पंधरा मिनिटं थांबा. पहिल्यांदा आकार जाणवेल. मग साडीच्या काठाजवळ आणि दागिन्यांवर नजर न्या. सोन्याची चकाकी दाखवायला तिथे रंग किंचित जाड, उंचावून लावलेला दिसतो, आणि बाजूने पाहिलं की त्या ठिपक्याची बारीकशी सावलीही पडते. तसबिरीत ती जागा सपाट पिवळी असते. मूळ आणि प्रत यांतला फरक आधी डोळ्यांना कळला पाहिजे, पैशांचं नंतर.

आता या प्रती आल्या कुठून, त्याची हकीकत. सर टी. माधवराव हे १८८२पर्यंत बडोद्याचे दिवाण होते, घराणं तंजावरकडचं मराठी. १८८४मध्ये त्यांनी रविवर्म्याला पत्र लिहिलं. तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे की तुमचे दोन हात ती पुरी करू शकणार नाहीत, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे रंगीत छाप, काढून घ्या, असा त्याचा आशय. पुढे सयाजीराव महाराजांनी नव्या राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रं काढायला सांगितली. ती १८९०च्या सुमारास पुरी झाली आणि लोकांना बघायला ठेवली तेव्हा गर्दी लोटली. १८९४मध्ये रविवर्म्याचा स्वतःचा छापखाना मुंबईत सुरू झाला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही तिकडचे. पहिलं चित्र निघालं ते शकुंतलाजन्माचं. काही वर्षांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. त्यानंतरही रविवर्म्याच्या नावाने चित्रं निघतच राहिली.

एवढ्या प्रती निघाल्या, त्याने मूळ चित्राची किंमत उतरली का? उलटंच झालं. ज्या घरांना राजवाड्याची पायरी चढायला मिळाली नसती, त्या घरांत सरस्वतीचा तोच चेहरा, तीच वीणा गेली. तीन-चार पिढ्या त्या चेहऱ्याला नमस्कार करत वाढल्या आणि म्हणून मूळ चित्र 'मूळ' ठरलं. २०२३मध्ये रविवर्म्याचं यशोदा-कृष्ण मुंबईच्या लिलावात ३८ कोटींना गेलं. त्याच काळातल्या कितीतरी कसबी चित्रकारांची तैलचित्रं एकुलती एक असूनही आज कोणी विचारत नाही. चित्र एकमेव आहे एवढ्याने त्याला भाव येत नाही. ते एकमेव आहे याचं कोणाला तरी काही वाटावं लागतं, आणि ते वाटायला लावायचं काम बहुतेक वेळा प्रतींनीच केलेलं असतं.

त्याच संग्रहालयात राफाएल, तिशियन, म्युरिलो यांच्या चित्रांच्या हाताने रंगवलेल्या प्रतिकृतीही आहेत. त्या बघताना 'नक्कल आहे' म्हणून घाईने पुढे जाऊ नका. रंगीत छायाचित्रं नव्हती त्या काळात इथल्या माणसाला युरोपातलं चित्र दाखवायचा हाच रस्ता होता. त्या उघडपणे प्रतिकृती आहेत, म्हणून त्यांत खोटं काही नाही.

पायरी २: समोरची वस्तू कोणत्या जातीची, ते ठरवा

दुकानदार, फ्रेमवाले आणि ऑनलाइन विकणारे सगळ्यालाच 'प्रिंट' म्हणतात. घोटाळा तिथून सुरू होतो.

एक जात चित्रकाराने छापण्यासाठीच घडवलेल्या चित्राची. त्याने जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर, लाकडावर, लिनोलियमवर, चुनखडीच्या दगडावर किंवा रेशमी जाळीवर काम केलं आणि त्यावरून कागदावर ठसे घेतले. एचिंग, वुडकट, लिनोकट, लिथो, सेरिग्राफ ही अनुक्रमे त्यांची नावं. इथे आधी रंगवलेलं वेगळं मूळ चित्र नसतंच. पन्नास ठसे असतील तर पन्नासही मूळ. ही गोष्ट पटायला वेळ लागतो, पण ती पटल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. बडोद्याइतकी या कामाची सवय असलेली शहरं देशात थोडी आहेत. १९५०मध्ये सुरू झालेल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत ना. श्री. बेंद्रे चित्रकला शिकवत होते, ज्योती भट्टांनी इथे छापचित्रणाला आयुष्य वाहिलं, आणि 'छाप' ही छापचित्रकारांची कार्यशाळा याच शहरात आहे.

दुसरी जात आधीच्या चित्रावरून कारागिरांनी काढलेल्या छापील प्रतीची. रविवर्मा छापखान्याचे ओलिओग्राफ याच जातीचे. चित्र रविवर्म्याचं, पण दगडावर ते उतरवलं दुसऱ्यांनी, रंगांचे थर वेगळे केले दुसऱ्यांनी. ती प्रत आहे, पण तिच्यात कसब आहे आणि आता तिला वयही आहे.

तिसरी जात फोटो काढून यंत्रावर छापलेल्या प्रतीची. साधं पोस्टरही यात आलं आणि जाड कॅनव्हासवर उत्तम शाईने काढलेली, चित्रकाराची सही असलेली महागडी डिजिटल प्रतही यातच आली. घरात लावायला छान, घ्यायला हरकत नाही, फक्त किंमत ठरवताना ती कोणत्या जातीची आहे हे विसरू नका. (ज्यांचं मूळ कामच संगणकावर जन्मतं त्या चित्रकारांचं वेगळं. त्यांची छापील प्रत पहिल्या जातीत धरावी.)

चौथी जात खोट्याची. आणि खोटं नेमकं कशाला म्हणायचं याचा जुना निवाडा फार बोलका आहे. १५०६च्या सुमारास मार्कांतोनियो राइमोंदी या इटालियन कारागिराने आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या काष्ठचित्रांच्या नकला त्याच्या एडी या आद्याक्षरांच्या मोहरेसकट काढून विकल्या. ड्यूररने व्हेनिसमध्ये तक्रार केली. त्या शतकातल्या चरित्रकाराने नोंदवलं आहे की मोहोर वापरू नये एवढीच ताकीद राइमोंदीला मिळाली, नकला काढायला मनाई झाली नाही. त्या निकालाने ड्यूररचं समाधान झालं नसेल, पण विकत घेणाऱ्यासाठी कसोटी आजही तीच आहे. कोणी काढलं याबद्दल वस्तू खोटं बोलते आहे का?

पायरी ३: भिंग घ्या आणि कागद वाचा

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, जवाहिरे वापरतात तसलं, रावपुऱ्यात किंवा ऑनलाइन सहज मिळतं. चित्र विकणाऱ्याला विचारूनच वापरा; जो बघू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची फुलांसारखी नियमित रांगोळी दिसली, निळा-गुलाबी-पिवळा-काळा, तर ती ऑफसेट छपाई. पोस्टर, कॅलेंडर, पुस्तकातून कापलेलं पान. ठिपके धुळीसारखे बारीक, विखुरलेले आणि कडा मऊ असतील तर डिजिटल प्रिंटर. एचिंगमध्ये ठिपके नसतात. शाईची रेघ कागदावर किंचित उठून आलेली असते आणि चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट कागदात उमटलेली दिसते. दिवा बाजूने धरला की ती चौकट लगेच कळते. वुडकटमध्ये शाई दाबाने कडेला सरकलेली असते, त्यामुळे आकाराची कड मधल्या भागापेक्षा गडद दिसते. सेरिग्राफमध्ये रंगाचा सपाट, जाडसर थर कागदावर बसलेला असतो.

ओलिओग्राफ भिंगाखाली बघण्यात खरी मजा आहे. ठिपके इथेही दिसतात, त्यामुळे नवखा माणूस घाबरतो. पण हे ठिपके कारागिराने दगडावर हाताने टिंबलेले असतात. गालावर दाट, कपाळाकडे विरळ, एकासारखा दुसरा नाही. एका चित्रासाठी दहा-वीस दगड लागत, दर रंगाला एक, आणि कागद दर वेळी नेमक्या जागी बसवावा लागे. तो केसभर सरकला की साडीच्या काठाबाहेर तांबडी किंवा निळी कड डोकावते. अशी कड दिसली की मला बरं वाटतं, कारण तिथे माणसाचा हात लागलेला असतो. वर रोगणाचा हात फिरवलेला असे. तो आता मधासारखा पिवळा पडलेला असतो. काही प्रतींवर कॅनव्हासचा भास व्हावा म्हणून कागदावर विणीचा ठसाही उठवत.

एक आणखी साधन जवळ ठेवा, नोटा तपासायचा जांभळा दिवा. साधारण १९५०नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं घातलेली असतात, आणि असा कागद या दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो. 'शंभर वर्षांची' तसबीर जर अशी लखलखली तर प्रश्न मिटला. चमकली नाही म्हणून मात्र ती जुनीच आहे असं सिद्ध होत नाही.

पायरी ४: आकडा वाचायला शिका

७/५० म्हणजे पन्नास ठशांच्या आवृत्तीतला सातवा क्रमांक. क्रमांक लहान म्हणजे चित्र भारी, हा समज सोडून द्या. कागद वाळत घातलेले असतात, गोळा करताना क्रम बदलतो. बहुतेक चित्रकार छपाईच्या क्रमाने आकडे घालत नाहीत. अपवाद ड्रायपॉइंटचा. यात सुईने पत्र्यावर ओरखडा काढल्यावर कडेला धातूची कूस उठते आणि तिच्यात अडकलेली शाई रेघेला मखमलीसारखी मऊ करते. दाबाखाली ही कूस झिजत जाते, काही डझन ठशांत रेघ कोरडी पडते. तिथे सुरुवातीचा ठसा खरोखरच वेगळा असतो. पण तो आकड्यावरून नव्हे, रेघेकडे बघून ओळखायचा.

आकड्याच्या जागी ए/पी असलं तर ती चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. साधारणपणे आवृत्तीच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा प्रती ठेवण्याचा रिवाज आहे. पी/पी म्हणजे छापणाऱ्या कारागिराची. पन्नासच्या आवृत्तीला पाच ए/पी असतील तर जगात पंचावन्न ठसे आहेत, हे धरून चाला.

खरी मेख आकड्याच्या बाहेर असते. '५० प्रतींची मर्यादित आवृत्ती' म्हणणारा विक्रेता तेच चित्र लहान आकारात ५०, मोठ्या आकारात ५० आणि कॅनव्हासवर आणखी ५० काढत असेल, तर मर्यादा कसली? म्हणून प्रश्न असा विचारा: "सगळे आकार आणि सगळे कागद धरून या चित्राच्या एकूण प्रती किती? आणखी निघणार आहेत का?" मग दुसरा: "पत्र्याचं काय केलंत?" आवृत्ती पुरी झाल्यावर पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करतात. लिथोच्या खोलीत तर हे रोजचंच असतं. दगडावर पाणी आणि कार्बोरंडमची पूड टाकून दुसरा दगड त्यावर गोल गोल फिरवत बसतात. करड्या चिखलात चित्र विरघळत जातं आणि दगड पुढच्या चित्राला कोरा होतो. ते चित्र आता जगातल्या कोणालाही पुन्हा छापता येणार नाही. यापेक्षा प्रामाणिक मर्यादा मला माहीत नाही.

चांगला चित्रकार आवृत्तीची वही ठेवतो. कोणता क्रमांक कधी छापला, कोणाकडे गेला. ती दाखवाल का, असं नम्रपणे विचारायला हरकत नाही. विद्यार्थ्यांकडून घेत असाल तर ही सवय त्यांना तुमच्यामुळेच लागेल.

जुन्या छापचित्रांवर आकडा नसला तर बिचकू नका. क्रमांक घालायची पद्धत विसाव्या शतकात रुळली. सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराने आकडे घातले नाहीत, आणि त्याचे कितीतरी तांब्याचे पत्रे त्याच्या मागे टिकले. त्यांवरून नंतरच्या लोकांनी शतकानुशतकं ठसे काढले. पत्रा तोच, रेघ तीच, पण त्याच्या हयातीतला ठसा आणि झिजलेल्या, दुरुस्त केलेल्या पत्र्यावरचा नंतरचा ठसा यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

पायरी ५: टंचाई कुठून आली ते शोधा

इथे थोडं रेंगाळावं लागेल, कारण किमतीची सगळी फसवाफसवी इथेच होते.

काही टंचाई वस्तूच्या स्वभावातली असते. ड्रायपॉइंटची कूस झिजते, त्याला कोणाचा इलाज नाही. बडोद्यातल्याच कीर्तिमंदिरात, गायकवाड घराण्याच्या स्मारकात, जा. नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथल्या भिंतींवर गंगावतरण, महाभारतयुद्ध, मीराबाई आणि रवींद्रनाथांच्या 'नटीर पूजा' नाटकातले प्रसंग रंगवले. ती चित्रं भिंतीतच आहेत, एकच आहेत, हलत नाहीत, विकली जात नाहीत. टंचाई पराकोटीची आणि बाजारभाव शून्य. मोल किती मोठं असू शकतं आणि किंमत मुळीच नसू शकते, हे बघायला मी नवख्यांना तिथे आवर्जून पाठवतो. आणि तिथे गर्दीही नसते.

काही टंचाई अपघाताने येते. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याची १८७८पासूनची शिळाछाप चित्रं स्वस्त होती, हजारोंनी खपली, खिळ्याने भिंतीवर ठोकली गेली, धुराने काळवंडली, फाटली, नदीत सोडली गेली. म्हणूनच त्यातलं एखादं धड उरलेलं चित्र आज जपावंसं वाटतं. मळवलीच्या छापखान्याला १९७२मध्ये आग लागली आणि बराच ठेवा नष्ट झाला. होकुसाई या जपानी चित्रकाराच्या 'कानागावाची लाट' या वुडकटचे हजारो ठसे निघाले होते. तरीही २०२३मध्ये न्यूयॉर्कला एक ठसा २७ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला, कारण तो सुरुवातीचा, तीक्ष्ण रेघांचा आणि चांगला टिकलेला होता. हजारो निघाले म्हणजे हजारो उरले असं नव्हे, आणि उरलेले सगळे सारखेही नसतात.

काही टंचाई कायद्याने येते. रविवर्मा, नंदलाल बोस, अमृता शेरगिल अशा नऊ चित्रकारांची कामं देशाची कलासंपत्ती मानली जातात. ती भारताबाहेर विकायला नेता येत नाहीत. त्यामुळे आपल्याकडचं चित्र आपल्याकडेच विकलं जातं, आणि परदेशातल्या मोजक्या चित्रांवर उड्या पडतात.

आणि उरते ती शब्दावर उभी असलेली टंचाई. डिजिटल प्रतीला स्वभावतः अंत नाही. फाइल आहे, प्रिंटर आहे, उद्या पाचशे निघतील. तिथे '१/२५' हा आकडा म्हणजे फक्त विकणाऱ्याचा शब्द. शब्द पाळणारी माणसं असतात, आणि अशा माणसाकडून डिजिटल प्रत घ्यायला मला संकोच वाटत नाही. पण पैसे त्या शब्दाचे देतो आहोत हे ओळखून द्यावेत. अनोळखी संकेतस्थळावरच्या '१/५००, म्युझियम क्वालिटी' कॅनव्हासपेक्षा फाइन आर्ट्सच्या विद्यार्थिनीचं वीस ठशांचं एचिंग मी कधीही घेईन. त्या वीस कागदांवर तिने एकेक करून शाई पुसलेली असते, आणि पत्र्याचं काय झालं हे तिला विचारता येतं.

पायरी ६: घरात जुनी तसबीर सापडली तर

आत्याच्या माळ्यावरून, देवघर हलवताना, वाडा पाडताना अशी चित्रं निघतात. पहिली गोष्ट, पुसू नका. ओल्या फडक्याने रोगण पांढरं पडतं आणि पाणी कागदात शिरलं की डाग कायमचा.

मग खालची ओळ वाचा. छापखान्याचा पत्ता मुंबईचा असेल तर चित्र आधीच्या वर्षांतलं. कार्ले-लोणावळा, म्हणजे मळवलीचा, असेल तर नंतरचं. ही ओळ समासात असते आणि आपल्याकडच्या फ्रेमवाल्यांनी चित्र चौकटीत बसवायला तोच समास कापलेला असतो. ओळ गेली म्हणजे ओळखपत्रच गेलं. किंमत बरीच खाली येते, तरी चित्र टाकू नका. काही प्रतींवर घरच्या बायकांनी जरी, टिकल्या, खरं कापड चिकटवून देवीला सजवलेलं असतं. पूर्वी याला बिघडवणं म्हणत. आता असं सजवलेलं चित्र संग्राहक मुद्दाम शोधतात, कारण छापखान्याने हजारो एकसारखी काढली तरी या साडीतली लक्ष्मी एकच असते. टिकल्या काढून चित्र 'स्वच्छ' करायचा मोह आवरा.

लाखांची अपेक्षा मात्र सोडा. लोकप्रिय देवदेवतांच्या प्रती पुष्कळ निघाल्या आणि पुष्कळ उरल्याही आहेत. विषय दुर्मीळ, समास शाबूत, रंग ताजे, छापखाना सुरुवातीचा, हे सगळं जुळलं तरच भाव वर जातो.

पायरी ७: कायद्याचं थोडं

चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळत नाही. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर किंवा दुकानाच्या कॅलेंडरवर टाकायचं तर चित्रकाराची परवानगी लागते. भारतात हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. रविवर्मा १९०६मध्ये गेले, म्हणून त्यांची चित्रं कोणीही छापू शकतो आणि म्हणूनच बाजारात त्यांचा पूर आहे. नंदलाल बोस १९६६मध्ये गेले. त्यांचा हक्क २०२६च्या अखेरीस संपतो. बेंद्रे १९९२मध्ये गेले, त्यांच्या वारसांचा हक्क २०५२अखेरपर्यंत आहे.

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या मुलीला आजीची तसबीर पाठवायची असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा, सामानात गुंडाळून देऊ नका.

पायरी ८: पैसे देताना आणि घरी आणल्यावर

पावतीवर चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, माध्यम, कागदाचा आकार, वर्ष, आवृत्तीचा आकडा आणि ए/पी किती, हे सगळं लिहून घ्या. 'प्रिंट – १ नग' अशी पावती नको. 'एचिंग' असं लिहून दिलं आणि भिंगाखाली ठिपके निघाले, तर परत करायला तुमच्याकडे कागद असेल. सही पेन्सिलची असते. कागद तिरपा धरला की शिसं चमकतं. छापलेली सही चमकत नाही.

घासाघीस करावी का? गॅलरीत विचारून बघा. फाइन आर्ट्सच्या जत्रेत किंवा विद्यार्थ्याकडे करू नका. तिथल्या किमतीत बरेचदा कागद आणि शाईच जेमतेम सुटते.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी आधीच सांगा: समास कापायचा नाही, चित्र डिंकाने किंवा टेपने पुठ्ठ्याला चिकटवायचं नाही, आणि काच कागदाला टेकता कामा नये. पावसाळ्यात बडोद्याची हवा दमट होते, काचेला टेकलेला कागद चिकटतो आणि बुरशी धरतो. माउंटचा बोर्ड आम्लविरहित मागा. साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत कडा तपकिरी होतात. पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळा. विश्वामित्रीच्या पुराचं पाणी येतं त्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर चित्र उंच लावा, आणि पावतीची एक प्रत फ्रेमच्या मागे न ठेवता घराच्या कागदपत्रांबरोबर वरच्या फळीवर ठेवा.